सुमनबाईंचा दुसरा फोटो

पौष लागला की आमच्या कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर हळदीकुंकवाची आमंत्रणं यायला लागतात. कुणी फुलांच्या चित्रावर लिहून पाठवतं, कुणी नुसतंच, 'सगळ्यांनी या गं, पाच वाजता.' मी दर वर्षी काहीतरी सांगते. पेपर तपासायचेत, सासूबाईंना बरं नाही, घसा बसलाय. यंदा एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही हे सगळं मानत नाही वाटतं?" मी हसले. बाई सुधारक विचारांची आहे असा लोकांनी समज करून घेतला, की पुढचे प्रश्न येत नाहीत.

नगरची थंडी कोरडी असते. ओठ फुटतात, टाचा उलतात, अंगावर पांढरे ओरखडे उठतात. सकाळी मनमाड रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जात असतात, त्यातून पडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं चाकांखाली चिरडून रस्ताभर पसरलेलं असतं, आणि कारखान्याच्या बाजूनं वारा आला की मळीचा गोड-आंबट वास येतो. हा वास नाकात गेला की मी आपोआप पदर डोक्यावरून ओढते. ही माझी सवय नव्हे. सुमनबाईंची सवय माझ्या अंगाला लागली आहे.

त्या हिवाळ्याला आता सात वर्षं झाली. मी पीएच.डी. करत होते. विषय मोठा भारदस्त होता: छोट्या कर्जांभोवती इंटरनेटवर जमलेले समुदाय आणि त्यांतून होणारा सामाजिक बदल. म्हणजे एक वेबसाइट होती. तिच्यावर खेड्यातल्या बायकांचे फोटो असत, फोटोखाली तिची कहाणी, आणि तिच्याखाली एक हिरवी पट्टी. पुण्यातली, मुंबईतली, परदेशातली माणसं थोडे थोडे पैसे उसने द्यायची, तशी ती पट्टी भरत जायची. बाई धंदा उभा करायची, पैसे परत यायचे, ते पुढच्या बाईला जायचे. पैसे देणाऱ्यांचा तिथं गप्पांचा एक फळा होता. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं तिथं वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची, 'आपली' कुठली बाई कुठवर आली ते विचारायची. मला त्यांचं खरंच कौतुक वाटायचं. ही माणसं एकमेकांवर कशाच्या बळावर विश्वास ठेवतात, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न होता.

वेबसाइटचं इकडचं काम नगरमधली एक संस्था बघायची. त्यांना बायकांच्या कहाण्या इंग्रजीत लिहून देणारं कुणीतरी हवं होतं आणि मला गावात शिरायला वाट हवी होती. सौदा सरळ होता. मी एसटीनं घोडेगावला उतरायचे आणि तिथून जीपनं पुढं जायचे. बाजाराचा दिवस असला की जीपमध्ये माणसांच्या मांडीवर दावी, कासरे असायचे आणि सगळ्यांच्या कपड्यांना गुरांचा वास. हिरवळ मागं पडत जायची, पुढं नुसती काळी ढेकळं, मधूनच ज्वारीचा पट्टा. ज्वारी हुरड्यात आलेली असायची.

गावात सहा बायकांचा गट होता. त्यातली सगळ्यात कमी बोलणारी सुमनबाई. पस्तिशीची असेल. उंच, हाडापेराची, डोक्यावरचा पदर दातांत धरून बोलायची सवय. पदरात तिची मुलगी अश्विनी, पाचवीत शिकणारी. सुमनबाईला मिरची कांडपाचं मशीन घ्यायचं होतं. उन्हाळ्यात आसपासच्या पाच गावांतल्या बायका मसाला कांडायला पार घोडेगावपर्यंत जातात, गावातच मशीन असलं तर कोण कशाला जाईल? तिचा हिशोब बरोबर होता.

"आणि मालक?" मी वही उघडून विचारलं होतं.

"ऊस तोडायला गेल्ता टोळीबरूबर. टोळी आली माघारी. ह्यो न्हाई आला."

"आता कुठे असतात?"

"तिकडंच, कारखान्याच्या अंगाला. दुसरी हाय त्याला."

"मग हे मंगळसूत्र?"

तिनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. "जिता हाय ना त्यो."

तिचा पहिला फोटो मी दाराशी काढला. ठसठशीत कुंकू, गळ्यात काळे मणी, तोंड घट्ट मिटलेलं. "थोडं हसा ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "हसाय येत न्हाई असं न्हाई, मॅडम. पन म्होरचा दात मोडलाय. लोकं दाताकडंच बघत्यात." कसा मोडला हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. कहाणीही मी खरी तीच लिहिली: नवरा दुसरीकडे राहतो, बाई दिराच्या घरात एका खोलीत राहते, मशीन घ्यायचं आहे.

गटातल्या पाचही जणींच्या पट्ट्या आठवड्याभरात भरल्या. सुमनबाईची भरेना. मुदत संपली की कहाणी खाली उतरते, बाईला काही मिळत नाही. मी रोज सकाळी चहाच्या आधी मोबाईल उघडून पाहायचे. फळ्यावर तिच्याबद्दल चर्चाही झाली. कुणी लिहिलं, बाई रागीट दिसते. कुणी लिहिलं, नवरा आहे ना, उद्या परत आला आणि पैसे घेऊन गेला तर? तिकडं सुमनबाई मला दर खेपेला विचारायची, "आलं का वो कायी?" एवढंच. आणि उत्तर ऐकून मान हलवून चुलीकडं वळायची.

मला तिची दया आली होती. ही गोष्ट मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे. पण त्याच वेळी माझ्या वहीत एक प्रश्न लिहिलेला होता: कहाणीतला एकच तपशील बदलला तर समुदायाचा प्रतिसाद किती बदलतो? दया आधी आली की प्रश्न आधी, हे मला आज सांगता येणार नाही.

मुदतीला तीन दिवस उरले असताना मी सकाळी लवकर गेले. ती नुकतीच न्हाऊन उन्हाला बसली होती. केस ओले, कपाळ मोकळं. गारठ्यानं तिचे डोळे पाणावले होते. कुंकवाची डबी आणायला ती उठायला लागली, तर मी म्हटलं, "राहू द्या, असंच छान दिसतंय." मग म्हटलं, "पदर जरा गळ्याशी लपेटून घ्या. थंडी आहे ना." तिनं माझं ऐकून पदर लपेटला. मणी झाकले गेले. अश्विनीला मी तिच्या खांद्याला टेकवून बसवलं. मी खुणावलं तेव्हा मुलीनं आईकडं पाहिलं आणि आई तिच्याकडं पाहून, दाताचं विसरून, हसली. सुरेख फोटो आला. आजही तो माझ्याकडं आहे.

त्या फोटोखाली मी एकच शब्द बदलला. विधवा.

आधीच्या कहाणीत माझी समजण्यात चूक झाली होती, अशी एक ओळ जोडून दुपारी बारा वाजता कहाणी चढवली. चार वाजायच्या आत पट्टी भरली होती. फळ्यावर माणसं एकमेकांचं अभिनंदन करत होती. पुण्याचे मुकुंदकाका नावाचे निवृत्त गृहस्थ तिथले सगळ्यांत जुने सभासद. त्यांनी लिहिलं, 'आमची सुमन आता एकटी नाही.' मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि वहीत वेळ लिहिली.

"काय लिवलं वो माझ्याबद्दल?" सुमनबाईनं विचारलं.

"चांगलंच लिहिलंय."

"मग झालं. तुमी लिवलं म्हंजी चांगलंच आसंल."

मशीन आलं त्या दिवशी सगळी आळी गोळा झाली. पहिल्या मिरच्या घातल्या आणि अर्ध्या मिनिटात सगळे शिंकायला लागले. कोंबड्या पळाल्या. गटातली सगळ्यात थोरली कौसाबाई पदरात तोंड खुपसून खोकत खोकत हसत होती. सुमनबाईचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि ती ते उन्हात धरून उलटसुलट करून पाहत होती. लग्नाचा सीझन अजून लांब होता, तरी रोज कुणी ना कुणी दारात यायचंच, मिरची नाहीतर हळद, नाहीतर नुसता गोडा मसाला. मी गेले की माझ्यापुढं ती पहिल्यांदा तीळ लावलेली भाकरी ठेवायची. तिच्या हाताला, पाण्याला, भाकरीच्या पापुद्र्यालासुद्धा मिरचीचा वास असायचा. माझे ते सगळ्यात चांगले पंधरा दिवस होते. कदाचित तिचेही. मी विचारलं नव्हतं.

भोगीच्या दिवशी मुकुंदकाका आणि त्यांच्या पत्नी गाडी करून आले. त्यांनी आदल्या दिवशी मला कळवलं होतं. मी नको म्हणू शकले असते. पण फळ्यावरचा माणूस प्रत्यक्ष आपल्या बाईला भेटायला येतो, हा प्रसंग प्रबंधात किती मोलाचा, या विचारानं मी हरखून गेले होते. बाकीचं सांभाळून घेऊ, असं मला वाटलं. काय सांभाळायचं आणि कसं, याचा विचार मी केला नाही.

सुमनबाईनं भोगीची भाजी केली होती. वाल, गाजर, बोरं, हरभऱ्याचे सोलाणे. बाजरीच्या भाकऱ्या, लोण्याचा गोळा. गटातल्या बायका सणाच्या पातळांत दाराशी बसल्या होत्या. काकू गाडीतून उतरल्या, सुमनबाईला त्यांनी जवळ घेतलं आणि पिशवीतून साडी काढली. फिकट बिस्किटी रंगाची, काठ नसलेली. "यांना चालेल असा रंग मुद्दाम शोधला," त्या मला म्हणाल्या. मग त्यांची नजर सुमनबाईच्या कपाळाकडं गेली आणि तिथंच थांबली.

काका जेवायला बसले होते. मायेनं म्हणाले, "सुमनताई, तुमचे यजमान जाऊन किती वर्षं झाली?"

"चार वर्सं झाली."

"फार वाईट झालं. कशानं गेले?"

"ट्रकनं."

"अरेरे! अपघात?"

"अपघात कशाचा वो?" सुमनबाईला हसू आलं. "चांगला ठणठणीत हाय. टोळीच्या ट्रकनं गेल्ता ऊस तोडाया, दुसरी घिऊन तिकडंच राहिलाय."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला. "इथं तर विडो लिहिलंय," ते म्हणाले, माझ्याकडं बघून.

"काय लिवलंय?" सुमनबाईनं विचारलं. कौसाबाईची सून बारावी शिकलेली, ती पुढं झाली, पडद्यावर वाकली. "विधवा म्हनून लिवलंय," ती म्हणाली.

आता सगळ्या बायका सुमनबाईकडं बघत होत्या आणि सुमनबाई माझ्याकडं. वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की आधीपासून तयार असावं. "मी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं," मी म्हटलं. "समजण्यात काही चूक झाली असेल."

"मी सांगितलं, मॅडम?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. कदाचित आपणच बोलण्याच्या ओघात काही बोलून गेलो असू, असं तिला वाटत असावं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी त्या बिस्किटी साडीकडं बघत राहिले. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "आम्ही तुमच्यासाठी रडलो हो," त्या सुमनबाईला म्हणाल्या आणि साडी परत पिशवीत घातली. ताटातलं अन्न तसंच राहिलं. गाडी गेल्यावर कौसाबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाली, "पैशापायी नवऱ्याला मारलंस व्हय गं?"

त्या रात्रीपासून आठवडाभर फळ्यावर दुसरं काही नव्हतं. 'आमची सुमन' लिहिणारे आता 'ती बाई' लिहू लागले. परदेशातल्या एकीनं लिहिलं की मी माझ्या मुलींना झोपताना हिच्यासाठी प्रार्थना करायला लावत होते, आता त्यांना काय सांगू? कुणी लिहिलं, हे लोक असेच. त्यावर कुणी समजूतदारपणानं लिहिलं, गरिबी माणसाला खोटं बोलायला लावते, आपण तिला क्षमा करू. तिला क्षमा करणाऱ्यांची रांग लागली. मी एकेक वाक्य उतरवून घेत होते, त्याला रंगीत खुणा करत होते. माझ्या प्रबंधातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण त्या आठवड्यात तयार झालं. एका संध्याकाळी मी फळ्यावर खरं लिहायला घेतलं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. अभ्यासकानं समुदायात हस्तक्षेप करायचा नसतो, असं आम्हाला शिकवलेलं होतं. नियम किती वेळेवर आठवतात.

संस्थेनं टेम्पो पाठवून मशीन उचललं आणि लांबच्या एका गावात दिलं. गटातल्या बाकीच्या पाचजणींच्या नव्या कहाण्याही वेबसाइटनं घ्यायच्या नाकारल्या. त्यांचा राग मी समजू शकते. तो कुणावर काढायचा हेही त्यांना कळलं होतं.

रथसप्तमीच्या आधी मी शेवटच्या मुलाखती घ्यायला गेले, तेव्हा कौसाबाईच्या अंगणात हळदीकुंकू होतं. बायका भिंतीच्या कडेनं ओळीत बसल्या होत्या. सुमनबाई आली होती. कुणी बोलावलं होतं की आपण होऊन आली होती, कोण जाणे. मला आग्रहानं तिच्या शेजारी बसवलं. कौसाबाई ताट घेऊन आली, माझ्या कपाळाला बोट टेकवलं, हातावर तिळगूळ ठेवला. सुमनबाई जरा पुढं सरकली. मान थोडी वर केली आणि डोळे मिटले, कुंकू लावून घेताना बायका मिटतात तसे. ताट पुढच्या बाईपाशी गेलं. सुमनबाई तशीच बसून होती. तिनं डोळे उघडले तेव्हा ताट ओळीच्या टोकाला पोचलं होतं. मग तिनं आपला पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईच्या लेकराला मांडीवर घेतलं, जणू तेवढ्यासाठीच ती आली होती.

मी तेही लिहून घेतलं. घरी येऊन तोंड धुतलं तेव्हा कुंकवाचं पाणी लाल वाहिलं.

पुढं कळलं, की 'आमच्या जित्या भावाला मेला म्हनून लिवलं' म्हणत दिरानं तिची खोली रिकामी करवली आणि ती मुलीला घेऊन सुप्याला गेली. माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले प्राध्यापक म्हणाले, "काय जिवंत फील्डवर्क आहे हो तुमचं!" नोकरी लागली. लग्न झालं.

यंदाच्या थंडीत मी सुप्याला गेले. कौसाबाईच्या सुनेकडून नंबर मिळवला होता. का गेले? पश्चात्ताप म्हणण्याची माझी छाती नाही. हळदीकुंकवाला दर वर्षी नवं कारण शोधण्याचा कंटाळा आला होता, असं म्हणू. सुमनबाई तिथं एका कारखान्यात पॅकिंगला आहे. जेवणाच्या सुट्टीत ती गेटबाहेर आली. डोक्याला जाळीची टोपी. केस पांढरे झालेत. कपाळाला टिकली होती, लहानशी. चहाच्या टपरीपाशी उभं राहूनच मी म्हटलं, "सुमनताई, मी माफी मागायला आले."

"ती मागा नंतर," ती म्हणाली. "आदी ते काढा."

"काय?"

"इंटरनेटवरचं. तुमचं पुस्तक."

माझा प्रबंध विद्यापीठानं इंटरनेटवर ठेवला आहे. मराठीत लिहिला म्हणून मला त्याचा अभिमान होता. त्यात मी सुमनबाईचं नाव शोभा केलं होतं. पण गाव तेच होतं, मिरची कांडपाचं मशीन तेच होतं आणि पाच गावांत तसं मशीन एकाच बाईनं घेतलं होतं. अश्विनी आता बारावीला आहे. तिला बचत गटांवर प्रकल्प करायचा होता. मोबाईलवर शोधता शोधता ती शोभापर्यंत पोचली.

त्यात एक पान असं आहे, जे तिथं असायला नको होतं. मशीन आलं त्या दिवसांत, एका दुपारी, हात चोळत बसलेली सुमनबाई मला बोलता बोलता म्हणाली होती, की अश्विनी पोटात असताना नवऱ्याचं लक्ष उडालं होतं, आणि हे पोर राहू नये म्हणून तिनं कुणीतरी दिलेला काढा तीन वेळा घेतला होता. "पन चिवट निघाली पोरगी," असं म्हणून तिनं दारात खेळणाऱ्या मुलीकडं जसं बघितलं होतं, ते मला लिहिता आलं नाही. "हे लिवू नका हं, मॅडम," असंही ती म्हणाली होती. मी पेन खाली ठेवलं होतं. परतताना जीपमध्ये बसून आठवून आठवून सगळं लिहिलं.

"पोरगी काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हनली, शोभा म्हंजी तूच ना? मी व्हय म्हनले. मला वाटलं मशीनचं वाचलं आसंल." तिनं चहाचा कप तसाच धरला होता. "चार महिनं झाले, माझ्या हातचं खात न्हाई. स्वतःचं स्वतः करून खाती. भांडत न्हाई, कायी न्हाई. भांडली तर बरं हुईल."

"अर्ज करावा लागेल," मी म्हटलं.

"मग करा की." आतून भोंगा झाला. "तेवढं करा," म्हणून ती निघून गेली.

अर्ज मी लिहिला आहे. त्यात कारण द्यावं लागतं. कारण द्यायचं म्हणजे त्या बाईनं नको म्हटलेलं मी छापलं हे लिहायचं, आणि ते लिहिलं की कुणीतरी विचारणार, आणखी काय काय केलंत? माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं, कशाला जुनं उकरतेस? तुझी बढतीची फाईल चालू आहे ना?" अर्ज टेबलाच्या खणात आहे. सुमनबाईला मी सांगितलंय, प्रक्रिया सुरू आहे. ती म्हणाली, "व्हय का, बरं झालं."

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तरुण मुलीचा, अदबशीर. "मॅडम, मी अश्विनी. सुमनबाईंची मुलगी. एकच विचारायचं होतं. आई म्हनती, तसं कायी झालंच नव्हतं, मॅडमनी मनानं लिहिलं. तुम्ही सांगा. ते खरं आहे का?"

म्हणजे आईनं आपल्यापुरता मार्ग काढला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो गं, मी मनानं लिहिलं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही चौघी-पाच जणी होतो. एक जण संक्रांतीच्या वाणाचे डबे मोजत होती. विभागप्रमुख समोरच बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या.

"प्रबंधात खोटं लिहीत नाहीत, बाळा," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.